समाजमाध्यमे, सम्यक वाणी आणि कायद्याची काठी

आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे. कुणी रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे, कुणी कुरकुंभच्या कारखान्यात, कुणी दौंडच्या रेल्वेत. कुणी शिक्षक झाले, कुणी ग्रामसेवक. वसतिगृहाच्या एकाच खोलीत सतरंजीला सतरंजी लावून झोपलेली ही माणसे आता या गटावरच एकमेकांना भेटतात. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी सायंकाळी या गटावर एक छायाचित्र आले. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झालेली दिसत होती आणि खाली मजकूर होता की, ही घटना आपल्याच भागातील एका गावात आज सकाळी घडली आहे, आता तरी समाज जागा होणार की नाही? पंधरा मिनिटांच्या आत ते छायाचित्र आणखी कितीतरी गटांवर जाऊन पोचले. पुढे पाठवणाऱ्यांत प्रस्तुत लेख लिहिणारे आम्हीही होतो. रात्री आठपर्यंत न्हावरे-चौफुला रस्त्यावर जमायचे, असेही ठरून गेले.

ते थांबले ते आपल्या एका निवृत्त गुरुजींमुळे. गुरुजींना मोबाईलवर धड टंकता येत नाही. त्यांनी त्या गावातल्या ओळखीच्या एका माणसाला सरळ फोन लावला आणि पुतळ्यापाशी जाऊन बघून यायला सांगितले. तो गेला. पुतळ्याच्या गळ्यात सकाळी घातलेला हार तसाच होता. छायाचित्र दुसऱ्या राज्यातले, काही वर्षांपूर्वीचे निघाले. त्यानंतर गटावर काय घडले, हे आम्हांला अधिक लाजिरवाणे वाटते. एकानेही ‘आमची चूक झाली’ असे लिहिले नाही. ज्याने त्याने आपापला संदेश तेवढा काढून टाकला. ‘हा संदेश हटवला आहे’ या एकाच वाक्याच्या वीस-पंचवीस ओळी एकाखाली एक उरल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गटावर नेहमीप्रमाणे सुप्रभात झाली.

पुढच्याच वर्षी आपल्या शाळेतून दहावी होऊन गेलेल्या एका तरुणाने वस्तीवर पाण्याचा टँकर येत नाही, यावर दोन जहाल वाक्ये स्टेटसला ठेवली. गावाची बदनामी केली, अशी कुणीतरी तक्रार केली. मुलाला पोलीस ठाण्यात बोलावून सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत बसवून ठेवले, मोबाईल काढून घेतला, मजकूर पुसायला लावला, माफीनामा लिहून घेतला आणि समज देऊन सोडून दिले. गुन्ह्याची नोंद नाही, म्हणून दाद मागण्याचीही सोय नाही. त्याची आई दिवसभर बाहेर झाडाखाली बसून होती. त्या रात्री गटावर संविधानातील १९व्या अनुच्छेदाचे मोठ्या अक्षरांत स्मरण झाले. हे स्मरण करून देणाऱ्यांत, वर्षभरापूर्वी त्या छायाचित्राखाली ‘पाठवणाऱ्याला उचला’, ‘आत टाका’ असे लिहिणारेही होते. आम्ही दोन्ही रात्रींचे संदेश पुन्हा वाचून पाहिले आहेत.

इंटरनेटवरील अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आणि त्याचे नियमन या प्रश्नाकडे आम्ही या दोन रात्रींच्या मधोमध उभे राहून पाहतो. आपला अपमान झाला की आपल्याला पोलीस हवे असतात आणि आपला मुलगा ठाण्यात बसला की संविधान हवे असते. ज्या समाजाला बोलण्याचा अधिकार सर्वांत शेवटी मिळाला, त्याने तरी हा दुटप्पीपणा करू नये, असे आम्हांला वाटते. कारण सैल शब्दांत लिहिलेला कायदा शेवटी कुणाच्या पाठीवर पडतो, हे आपल्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही.

आपला इतिहासच पाहा. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये पुण्यातून ‘सोमवंशीय मित्र’ सुरू केले. बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले. त्याची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नव्हती. म्हणजे बंदी नेहमी सरकारच घालते असे नाही. छापखाना ज्याच्या मालकीचा, तोही ती घालू शकतो. आजच्या समाजमाध्यमांच्या कंपन्यांविषयी बोलताना हा अनुभव आपण विसरू नये. कुणाचा मजकूर वर आणायचा, कुणाचा तळाला ढकलायचा, हे त्यांची यंत्रे ठरवतात आणि त्याचे कारण त्या कुणाला सांगत नाहीत.

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. दिनकरराव जवळकरांनी ‘देशाचे दुश्मन’ ही पुस्तिका लिहिली, केशवराव जेधे तिचे प्रकाशक होते. टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावरील तिच्यातील भाषा मुळीच सौम्य नव्हती. बदनामीचा खटला झाला, खालच्या न्यायालयाने शिक्षा सुनावल्या. १९२६ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयात आरोपींच्या वतीने अपील चालवले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आणि आरोपी सुटले. पुढे १९३४ मध्ये संततिनियमन आणि लैंगिक शिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्या र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हाही वकीलपत्र बाबासाहेबांनीच घेतले. तो खटला ते हरले आणि कर्व्यांना दंड झाला. जवळकरांची धाटणी बाबासाहेबांची नव्हती, कर्व्यांचा विषय तर त्या काळी सभ्य घरांत उच्चारलाही जात नसे. तरी ते उभे राहिले. आपल्याला पटेल, रुचेल तेवढ्याच बोलण्याचे रक्षण करायचे असते, तर ही दोन्ही वकीलपत्रे त्यांनी घेतलीच नसती.

संविधानाने अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आणि अनुच्छेद १९(२) मध्ये त्याच्या मर्यादाही मोजून लिहिल्या : देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. या यादीत ‘राग येणे’ नाही, ‘त्रास होणे’ नाही, ‘भावना दुखावणे’ही नाही. धार्मिक भावनांविषयी दंडविधानात जे कलम आहे, त्यातही हेतू जाणीवपूर्वक आणि दुष्ट असावा लागतो. नुसते कुणाला वाईट वाटून भागत नाही.

माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने घातलेले ६६अ हे कलम मात्र नेमके त्रास आणि गैरसोय अशा शब्दांवर उभे होते. त्याचा अर्थ महाराष्ट्राने नोव्हेंबर २०१२ मध्ये पाहिला. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर झालेल्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला, दुसरीने तो मजकूर आवडल्याचे बटण दाबले, आणि दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. त्या अटकेने व्यथित होऊन एक विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात न्यायालयाने ६६अ संपूर्ण रद्द केले. चर्चा करणे, एखाद्या मताचा पुरस्कार करणे आणि चिथावणी देणे, अशा तीन पायऱ्या त्या निकालाने दाखवल्या. पहिल्या दोन पायऱ्यांवरील बोलणे कितीही अप्रिय असले तरी त्याला हात लावता येत नाही. तिसरीवर पाऊल पडले की राज्याचा अधिकार सुरू होतो. विशेष म्हणजे कलम रद्द झाल्यावरही देशभर त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. तेव्हा आपल्या त्या माजी विद्यार्थ्याला नोंदीशिवाय दिवसभर बसवून ठेवले गेले, यात नवल ते काय!

याचा अर्थ शब्दांनी काही बिघडत नाही, असा कुणी घेऊ नये. शब्दांनी माणसे मरतात, हे आम्ही पुस्तकातून शिकलेलो नाही. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर परिसरात दगडफेक आणि जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला. तेव्हापासून दरवर्षी डिसेंबर उजाडला की विजयस्तंभाला जाणाऱ्या आपल्या माणसांच्या मोबाईलवर आधी अफवा पोचतात आणि मागाहून त्यांचे खुलासे. त्याच्या आधी, जून २०१४ मध्ये, फेसबुकवरील विटंबनेच्या चित्रांवरून पुण्यात हडपसरला जमाव रस्त्यावर आला आणि त्या चित्रांशी काडीचाही संबंध नसलेला एक तरुण अभियंता नमाजाहून परतताना मारला गेला. १ ऑगस्ट २०२५ रोजी दौंड तालुक्यातील यवत येथे एका आक्षेपार्ह पोस्टवरून जमाव जमला, तोडफोड आणि जाळपोळ झाली, पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. यवत आपल्या कितीतरी पालकांच्या बाजाराचे गाव आहे.

आणि १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आली आहे, अशा मोबाईलवरून पसरलेल्या अफवेपायी पाच माणसांना ठेचून मारण्यात आले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातले, भिक्षा मागत गावोगाव हिंडणारे होते. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. हे नियमन आम्हांला पसंत आहे, कारण ते कुणाचे तोंड बंद करत नाही. फक्त हात आखडतो आणि तेवढ्यात फोन करून विचारायला सवड मिळते. आपल्या गुरुजींनी त्या रविवारी तेच केले होते.

तेव्हा सीमारेषा चिथावणीपाशी असावी आणि ती सर्वांना सारखी असावी. मारा, जाळा, बहिष्कार घाला, त्यांच्या वस्तीकडे चला, असे लिहिणारा कुणीही असो, आपल्यातला असला तरी, त्याच्यावर गुन्हा नोंदवलाच पाहिजे. पण आपल्या महापुरुषांविषयी कुणी अज्ञानाने वा आकसाने वाकडे बोलले, तर पहिला उपाय तक्रार असावा काय? २०१५ च्या दुरुस्तीने अत्याचार प्रतिबंधक कायद्यात, अनुसूचित जाती-जमातींना वंदनीय असलेल्या दिवंगत व्यक्तींचा शब्दाने वा अन्य मार्गाने अनादर करणे, हाही गुन्हा ठरवला गेला. ऑनलाइन केलेला जातिवाचक अपमानदेखील लोकांच्या नजरेसमोर केलेला अपमानच होय, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे. ही संरक्षणे मोठ्या संघर्षाने मिळाली आहेत आणि ती कमी व्हावीत, असे आम्ही स्वप्नातही म्हणणार नाही. पण शस्त्र रोज म्यानाबाहेर काढले की त्याची धार जाते. वस्तीवरच्या मुलीला जातीवरून शिवी देणारा चित्रफितीत दिसतो, तिथे हा कायदा पूर्ण ताकदीने वापरावा. बाबासाहेबांच्या एखाद्या विचारावर कुणी महाविद्यालयीन मुलगा उद्धटपणे टीका करतो, तिथे त्याला बाबासाहेबांचेच लेखन वाचायला द्यावे. या मताशी आमच्यातीलच काही मित्र सहमत नाहीत. उद्धटपणाच्या आडून द्वेषच येतो, असे ते म्हणतात, आणि पुष्कळदा ते खरेही असते. तरीही आम्ही आमच्या मतावर आहोत.

खरे-खोटे ठरवण्याचा अधिकार सरकारच्या हाती द्यावा, हाही उपाय सुचवला जातो. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा आहे, हे सरकारनेच नेमलेल्या तथ्यपडताळणी कक्षाने ठरवावे, अशी दुरुस्ती २०२३ मध्ये नियमांत करण्यात आली होती. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली. टँकरविषयी लिहिणाऱ्या मुलाचे स्टेटस खरे की खोटे, हे टँकर न पाठवणाऱ्यानेच ठरवायचे, असे झाले असते; म्हणून तो निकाल आपल्या वस्त्यांच्याही कामाचा आहे.

सम्यक वाणीचा उल्लेख या चर्चेत हमखास होतो. सर्वांनी सम्यक वाणी पाळली तर कायद्याची गरजच काय, असे भाषणांत म्हणतात. खोटे, फूट पाडणारे, कठोर आणि निरर्थक बोलणे टाळावे, ही तथागतांची शिकवण आम्हांला शिरोधार्य आहे. परंतु आपण रोज सकाळच्या वंदनेत जे शील घेतो, ते ‘मी’ घेतो. ‘त्याला घ्यायला लावतो’ असे कुणी म्हणत नाही. शील हे स्वतःवर घालून घेतलेले बंधन आहे. ते दुसऱ्यावर लादले की त्याचे दंडविधान होते आणि मग कोणते बोलणे कठोर, हे ठाणे अंमलदार ठरवतो. शिवाय तथागतांनी अप्रिय बोलणे वर्ज्य केले नव्हते. खरे आणि हिताचे असेल तर अप्रियही योग्य वेळी बोलावे, असेच त्यांचे वर्तन होते. पुढे पाठवण्याचे बटण दाबताना मात्र हे शील आमच्या स्वतःच्या अंगठ्याला लागू होते आणि त्या रविवारी आम्ही ते मोडले.

आता शाळेविषयी. आपल्या वसतिगृहात मोबाईल कार्यालयाच्या कपाटात असतात आणि रविवारी दोन तास मिळतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत हे दोन तास फक्त मुलांना होते. मुलींनी अधीक्षकांसमोर कार्यालयाच्या फोनवरून घरी बोलायचे, अशी रीत होती. का, असे विचारले की ‘काळजी’ हे उत्तर मिळे. केरळमध्ये कोळिकोड जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात सायंकाळी सहा ते दहा मोबाईल जमा करण्याचा नियम होता. तो न पाळणाऱ्या विद्यार्थिनीला वसतिगृहातून काढले, तेव्हा सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तिला परत घ्यायला लावले आणि इंटरनेट हा शिक्षणाच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. ती विद्यार्थिनी सज्ञान होती, आपली मुले नाहीत; तो निकाल जसाच्या तसा इथे लागू होत नाही. पण मुलींची काळजी आणि मुलींवरील बंदी यांतला फरक आपल्याला कुणी न्यायालयाने सांगण्याची वाट का पाहावी लागली?

त्या बंदीने काय केले, तेही सांगितले पाहिजे. नववीतील एका मुलीचा चेहरा दुसऱ्याच छायाचित्राला जोडून ते चित्र कुणीतरी फिरवले. सुटीत घरी गेली असताना तिला ते दिसले. तिने तीन आठवडे कुणाला सांगितले नाही. सांगितले असते तर घरचा मोबाईल कायमचा गेला असता आणि कदाचित शाळाही. २०२१ च्या नियमांनुसार अशा चित्राची तक्रार आल्यापासून २४ तासांच्या आत ते काढून टाकणे कंपनीवर बंधनकारक केलेले होते. केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर घरबसल्या तक्रार नोंदवता येत होती. कायदा होता, व्यवस्था होती. नव्हते ते फक्त असे एक मोठे माणूस, की ज्याला सांगितल्यावर शिक्षा आपल्यालाच होणार नाही, याची त्या मुलीला खात्री वाटावी.

आमच्या पिढीला असे एक माणूस मिळाले होते. शाळेच्या भित्तिपत्रकात नववीतल्या एका मुलाने लिहिले की, आमटीत डाळ शोधावी लागते. अधीक्षकांनी कागद फाडला. मुख्याध्यापकांनी तो तुकडे जोडून पुन्हा लावला, खाली स्वतःची सही केली आणि शेजारी दुसरा कागद लावला. त्यावर महिन्याचे अनुदान किती, ते किती महिने थकले आहे, कोठीत डाळ किती किलो आहे आणि दररोज किती ताटे होतात, हे सारे लिहिलेले होते. आठ दिवस मुले तो हिशेब उभ्याने वाचत होती. दोन मुलांनी त्यात बेरजेची चूक काढली. ती चूकही लाल शाईने दुरुस्त झाली. आमटी त्यानंतर फारशी दाट झाली नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. पण कागद पुन्हा कुणी फाडला नाही.

या वर्षी शाळा आणि माजी विद्यार्थी मिळून मोबाईलच्या वापराचे नियम नव्याने लिहीत आहोत. मसुदा कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावला आहे. मुला-मुलींना वेळ सारखा. छळाची तक्रार करणाऱ्याचा मोबाईल जप्त होणार नाही. आठवीपासून पुढे, आलेली बातमी त्या गावी फोन करून कशी पडताळायची, याचा तास. चौथ्या कलमात मात्र आम्ही असे लिहिले होते की, संशय आल्यास अधीक्षक विद्यार्थ्याचा मोबाईल उघडून पाहू शकतील. त्यावर दहावीच्या मुलींनी लेखी हरकत घेतली आहे : संशय म्हणजे काय, तो कुणाला यायचा, आणि पाहताना आमच्या बाजूचे कुणी हजर असेल का? पुढील पालकसभेत हे कलम चर्चेला येईल. मुलींचा कागद मसुद्याच्या शेजारीच टाचणीने लावलेला आहे. सभेपूर्वी पालकांनी तो वाचावा.